लोंबकळून बघणारा फिटर

टीव्ही बसवायला येतो त्या फिटरला आमच्या गल्लीत सगळे लोंबकळ्या म्हणतात. भिंतीला ब्रॅकेट ठोकला की हा गडी तो दोन्ही हातांनी धरतो आणि पाय वर घेऊन चक्क लोंबकळतो. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस असा टांगलेला बघून लोक फिदीफिदी हसतात. तो ढिम्म. एकदा त्यानं बसवलेला टीव्ही पडून त्याच्याच बायकोचा पाय मोडला होता. तेव्हापासून स्वतःचं वजन टाकल्याशिवाय तो टीव्ही खोक्यातून बाहेरही काढत नाही.

त्याला आम्ही बोलावलं ते कॅम्पिंगच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागं ओढत न्यायच्या चाकांवरच्या खोलीत, टीव्ही बसवायला. खुब्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई महिनाभर माझ्या थोरल्या दिरांकडे होत्या. त्या आमच्याकडे आल्या आणि त्यांच्या मागोमाग दिरांनी आपला जुना ट्रेलर आमच्या गळ्यात मारला. सासूबाईंना चार दिवस तळ्याकाठी नेऊ, म्हणून ह्यांनीही तो आनंदानं घेतला. आत पाऊल टाकलं की सुगंधी फवाऱ्याचा असा भपकारा, की मी आधी खिडक्या उघडल्या. भिंतीला मात्र कोरा करकरीत फुलाफुलांचा कागद.

त्या भिंतीलगतच्या बाकावर माझी मुलगी झोपणार होती. सासूबाईंनी हट्ट धरला, "तिथं मीच झोपणार."

"आई, टीव्ही तुमच्या डोक्यावर येईल. दिसणार कसा?" मी विचारलं. त्यांनी आपली उशी त्याच बाकावर टाकली. मला वाटलं, म्हातारपणचा हेका.

लोंबकळ्यानं बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक केलं आणि तोंड वाकडं केलं. "बद्द वाजतेय."

"अहो, सख्ख्या भावानं दिलाय ट्रेलर," हे म्हणाले.

"तुमचा भाऊ कोण, ते भिंतीला काय ठाऊक, साहेब?"

तरी ह्यांनी आग्रह धरला, म्हणून त्यानं ब्रॅकेट बसवला, धरला, गुडघे मुडपले. कर्रकन आवाज झाला आणि ब्रॅकेट, कागद, हातभर प्लायवूड असं सगळं घेऊन तो बाकावर आदळला. आत जे होतं ते आठवलं की आजही अन्न गोड लागत नाही. काळा चिकट लगदा. त्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. महिनोन्‌महिने पाणी मुरून लाकडाचं शेण झालेलं. तो कुबट वास थेट घशात उतरला आणि मी बाहेर जाऊन ओकले.

परत आले तेव्हा लोंबकळ्या कागदाची कड चोळत होता. "डिंक अजून चिकट आहे. ज्यानं लावला, त्यानं ही घाण बघूनच लावला."

"दादाला माहीत नसेल," हे पुटपुटले. त्या क्षणी मला अळ्यांपेक्षा ह्या भाऊभक्तीची जास्त शिसारी आली.

"माहीत होतं त्याला," दाराशी खुर्चीत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "कागदाची गुंडाळी मीच धरली होती. कुणाला बोलू नकोस म्हणाला."



"आणि टीव्ही पडला असता तर?" मी ओरडलेच.

"माझ्यावर पडला असता. पोरीला तिथं झोपू दिलं का मी?"

दिरांची किळस आलीच होती. आता ह्या मायेचीही आली. एका लेकाची लबाडी झाकायची आणि वर स्वतःचं डोकं तिच्याखाली द्यायचं! मला काहीतरी फार वाईट बोलायचं होतं.

तेवढ्यात लोंबकळ्यानं पँटला हात पुसले, तो कंबर धरत उठला आणि सासूबाईंसमोर उकिडवा बसला. "आजी, आधी स्वतःचं वजन टाकून बघायचं, हे काम माझं आहे. तुमचं नाही."

सासूबाई तेव्हा रडल्या. ह्यांनी फोन काढून भावाला लावला आणि जन्मात पहिल्यांदा 'दादा' न म्हणता बोलायला सुरुवात केली.