सुतळीच्या दोन गाठी

फौजेनं आजवर केलेल्या सगळ्या चुका माझ्या बायकोच्या मामांना तोंडपाठ आहेत, आणि त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे मामांना निवृत्त करणं. सतरा वर्षं शिपाईगिरी करून ते मूल शहराजवळच्या आपल्या गावी परतले, पण भरतीचं काम त्यांनी सोडलं नाही. खिशात कायम एक सुतळी. तिला दोन गाठी: पहिली साध्या छातीची, दुसरी फुगवलेलीची. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा पोहे येण्याआधी सुतळी आली. मी शर्टाचं बटण तुटेपर्यंत श्वास भरला. "दोन बोटं कमी," मामांनी निकाल दिला. शेवटी सासूबाई कडाडल्या, "भाऊ, पोरगी द्याची हाये, पलटनीत नाई पाठवाची याले!" लग्न झालं, पण त्यानंतर दर दिवाळीला सुतळी निघते आणि दर दिवाळीला ऊर्जानगरचा हा जावई नापास होतो. एका बोटाची सूट म्हणून नाही.

त्यांची स्वतःची भरती एका दुपारात उरकली होती. हवालदारानं छातीवर थाप मारली, तळवे पाहिले, दात पाहिले आणि गाडीत बसवलं. त्यामुळे आता आधी संगणकावर परीक्षा आणि मग धावणं, हे ऐकून ते भडकलेच. "वाघ समोर आला तं त्याले का चार पर्याय देशीन?" असं ते मलाच विचारत, जणू नियम मी केला होता. पण त्यांची नात पल्लवी त्याच परीक्षेत नापास झाली आणि पंचाईत आली. धावण्यात ती गावातल्या पोरांना मागं टाकायची. वयाची मर्यादा संपत आली होती, उरली होती एकच संधी.

मामांनी मला फोन केला. "जवाईबापू, ते कॉम्प्युटरचे प्रश्न पाठवा. मोठ्या अक्षरात." मग रोज सकाळी नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवर पल्लवी पुढं धावायची आणि मामा मागून सायकलवर प्रश्न ओरडायचे. धावता धावता उत्तर आलं तर बसून येईलच, हे त्यांचं शास्त्र. त्या भागात वाघ फिरत होता. वनरक्षकानं बजावलं, तर मामांनी हँडलला जेवणाची थाळी बांधली. "वाघाले सांगून ठेव, सहा ते सात नहर आमची हाये!" मग एक प्रश्न, एक थाळीचा ठोका, असा अभ्यास सुरू झाला. आसपासच्या धानात राबणाऱ्या बायांनाही राज्यांच्या राजधान्या पाठ झाल्या.

गावानं नाकं मुरडलीच. शेजारचे एक भाऊ दारात येऊन म्हणाले, "चार वर्साची तं नोकरी. पोरगी परत आली का कोन करीन तिच्याशी लगन?"

मामा खाटेवरून उठले. "मी सतरा वर्सं होतो. सिपाही पह्यल्या चारातच झालो, बाकीची तेरा नुसती नोकरी केली. अन् लगनाचं म्हनसान, तं पोरगा घेऊन या. आमी त्याची छाती मोजू!"

पल्लवी पास झाली. आधी संगणक, मग मैदान. तिला प्रशिक्षणाला नेणारी बस सुटेपर्यंत मामा ताठ उभे होते, डोळेसुद्धा पुसले नाहीत. मला मात्र रुमाल काढावा लागला.

यंदा दिवाळीला आम्ही गेलो, तर सुतळी निघालीच नाही. मलाच करमेना. मी शर्ट सावरून पुढं उभा राहिलो आणि म्हणालो, "मामाजी, मोजा."

त्यांनी सुतळी लावली. मी श्वास भरला. टोक गाठीपासून चांगलं तीन बोटं दूर होतं. वय माझंही वाढलंय. मामांनी त्या मोकळ्या जागेवर अंगठा ठेवला.

"पास," ते म्हणाले. मग सुतळी गुंडाळत, माझ्याकडे न पाहता, "उद्या सहाले नहरावर या. सायकल हाये, थाळी हाये. पुढं धावाले कोनी नाई."

मी गेलो. अर्ध्या वाटेत धाप लागली, मागून थाळी वाजतच होती, म्हणून थांबलो नाही.