विमल आणि धारोष्ण दूध

विमल गेल्याचा निरोप आला तेव्हा मी तासावर होते. शिपाई दाराशी येऊन थांबला आणि त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं... त्या दिवसाला आता दोन महिने होत आले.

श्रीरामपूरच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवते, ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. नेवाशाजवळच्या खेड्यातली, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली पोर एम.एस्सी. होऊन आली होती. "तुझ्या कवींपेक्षा माझे जंतू बरे, दिलेलं काम तरी करतात," असं मला चिडवायची. तिचा लाडका जंतू लिस्टेरिया. "हा पेशीत शिरतो, तिथल्याच मालाची शेपूट बांधतो आणि तिच्या जोरावर शेजारच्या पेशीची भिंत रेटून थेट आत! गल्लीत पाऊलच टाकत नाही. मग रक्तातल्या पहारेकऱ्यांना दिसणार कसा?" हे सांगताना ती इतकी रंगायची की मलाही त्या चोराचं कौतुक वाटू लागे. तो कच्च्या दुधातून येतो आणि अशक्त माणसाला, पोटातल्या बाळाला गाठतो म्हणून स्टाफरूममधलं चहाचं दूधही ती खळखळून उकळल्याशिवाय कुणाला घेऊ देत नसे. आम्ही तिला फौजदारीणबाई म्हणायचो.

पुढे तिला किडनीचं दुखणं लागलं. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा सुजला, अंगातली प्रतिकारशक्ती गेली. सुट्टीत ती गावी गेली तेव्हा तिच्या आईने, पारूमावशींनी, शेळीची धार थेट पेल्यात काढून तिच्यापुढे धरली. आमच्याकडे आजाऱ्याला आणि पोटुशीला धारोष्ण दूध म्हणजे अमृतच. विमल ते प्यायली.

परतल्यावर काही दिवसांनी ताप आला, डोकं ठणकू लागलं, मान ताठली. नगरच्या दवाखान्यात पाठीतलं पाणी तपासलं, तर तिचा तो लाडकाच निघाला.

"अगं, तू कच्चं दूध प्यालीस? तू?" मी जवळजवळ ओरडलेच.

"आई पेला धरून उभी होती गं. म्हणाली, करडाला पाजलं न्हाई, तुझ्यासाठी ठिवलं... नाही म्हणवेना." मग माझा हात धरून म्हणाली, "तिला कळू देऊ नकोस. ती जगायची नाही."

मला विमलचा भयंकर राग आला होता. अजूनही येतो.

परवा मावशींना भेटायला गेले. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी विमलचा फोटो लागला होता. मावशी शेळीखालून दोन पेले भरून घेऊन आल्या. एक माझ्यापुढे ठेवला, दुसरा पोटुशी असलेल्या सुनेपुढे. "घ्या बाई. माझी विमल जायच्या आदी येवढं तरी पोटभर प्याली, तेवढंच समाधान हाय."

सुनेने पेला उचलला. मी तो तिच्या हातातून घेतला, दोन्ही पेले पातेल्यात ओतले आणि स्टोव्ह पेटवला. "मला कच्चं सोसत नाही, मावशी."

"आन् हिला?"

मी दूध ढवळू लागले. मावशी पातेल्याजवळ येऊन बसल्या. "विमलबी असंच करायची... त्या दिवशी म्या तापवलं न्हवतं." मग माझ्याकडे वळल्या. "बाई, त्या दुधानंच का वो?"

"नाही मावशी," मी म्हणाले. "तिची किडनीच..."

त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. दूध वर आलं, तसा पदराने पातेलं उतरवून त्यांनी सुनेला सांगितलं, "आजपास्नं ह्या घरात तापवल्याबिगर दूध कुनी तोंडाला लावायचं न्हाई."