पहिली बुडी

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात नाथाला सगळे 'हा-वाला' म्हणत. विशीत तो मुंबईहून एका शिडाच्या जहाजावर खलाशी म्हणून गेला आणि सहा वर्षांनी परतला, तो एक सवय घेऊन. जहाजावरच्या हवाई बेटांच्या एका खलाशाने ती त्याला लावली होती. ताठ बसायचं, चार मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्यायचा आणि आठ मोजेपर्यंत तोंडाने 'हाऽऽ' करत सोडायचा. त्या माणसाच्या भाषेत श्वासालाच 'हा' म्हणत. दहा-बारा वेळा केलं की छातीची धडधड बसते, मन एका जागी येतं.

चूल घरात आहे, बाहेर बसून काय फुंकतोस, असं त्याची बायको आवडाबाई चिडवी. पण खाडीच्या तळाशी कुणाचा नांगर अडकला की बोलावणं नाथालाच येई. त्याच्याइतकी लांब बुडी कुणाची नव्हती.

सन अठराशे ऐंशीच्या नारळी पुनवेनंतर, उधाणाच्या पाण्यात त्याचा धाकटा भाऊ परशुराम याची होडी उलटली आणि रेल्वेच्या पुलाच्या खांबाशी अडकली. तळ वर. आतून ठोके ऐकू येत होते. उलट्या होडीखाली कोंडलेल्या हवेत परशुराम जिवंत होता. पाय जाळ्यात गुंतला असणार, नाहीतर तो केव्हाच पोहून निघाला असता. भरती चढत होती.

शेजारच्या दगडूने नाथाला होडीतून तिथे नेलं. परशुरामची बायको मनुबाईही होडीत चढली होती. नाथाने कमरेला कोयता खोवला. श्वास उथळ, भरभर चालला होता. अशा छातीने खाली गेलं तर जाळ्याची दोरी कापण्याइतका दम पुरणार नाही, हे त्याला कळत होतं. त्याने डोळे मिटले. हाऽऽ. हाऽऽ.

मनुबाईला ते 'हाय' ऐकू आलं. खाडीत गेलेला माणूस हाती लागेपर्यंत वाड्यात कुणी 'हाय' करत नसे. करील त्याने त्याला मेलेला धरलं, असं मानत. थोरल्या दिरासमोर कधी पदर ढळू न दिलेल्या त्या बाईने त्याच्या तोंडावर हात दाबला.

"जिता हाय त्यो, दादा. त्याच्या नावानं हाय घालू नको."

दगडूनेही घाई लावली. नाथा समजावून सांगणार, तेवढ्यात आतून पुन्हा ठोका आला. तो तसाच पाण्यात उतरला.

दोरी हाताला लागली. निम्मी कापली आणि छाती फुटायला आली. वर येऊन तो होडीच्या काठाला लटकला, खोकत राहिला. पुन्हा दम धरेपर्यंत ठोके थांबले होते.

दुसऱ्या बुडीत दोरी दोन घावांत तुटली. परशुरामची बोटं फळीवर आपटून सोलली होती. अंग अजून ऊन होतं.

पुढे दोन्ही घरं नाथानेच चालवली. बुडी मात्र त्याने पुन्हा कधी मारली नाही. बऱ्याच वर्षांनी, सुकट निवडताना मान वर न करता मनुबाईने विचारलं,

"दादा, पयल्या बुडीला का नाय सुटला त्यो?"

नाथा जाळं सांधत होता. त्याने गाठ पुरी केली.

"पानी लय गढूळ व्हतं," तो म्हणाला.