सातव्या महिन्यात मी माहेरी गेले

आमच्या ह्यांना दोन देशांची तुलना करायची भारी हौस. सुरतेत पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये पाळी संपली की गेटवरच्या नेपाळी वॉचमनबरोबर चहाला बसायचे, आणि घरी येऊन मला सगळं ऐकवायचे. तिकडे नेपाळात रस्ते नाहीत, काम नाही, दवाखाना गाठायचा तर दिवस मोडतो. टीव्हीवर दोन्ही देशांच्या करारांची बातमी लागली, त्यांची वीज इकडे, आपला माल तिकडे, की ह्यांची छाती फुगायची. "आता एकच घर झालं म्हणायचं," म्हणायचे. वॉचमन बिचारा एवढंच सांगायचा, की आमच्या गावात एक बाई गरोदर बायकांच्या घरी येऊन विचारपूस करते. हे ते हसण्यावारी न्यायचे.

त्याच्या बायकोला दिवस गेले होते, मलाही. "तिला इथंच आण," ह्यांनी त्याच्या डोक्यात भरवलं. "सुरतेसारखे दवाखाने तुमच्याकडे सात जन्मांत व्हायचे नाहीत." त्यानं आणली. लिंबायतला आमच्याच गल्लीत खोली घेतली. कोवळी पोर, हिंदी तोडकीमोडकी.

आणि मी? सातवा लागला तशी ओटी भरून घेतली आणि माहेरी गेले, अमळनेरकडच्या खेड्यात. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरीच. गल्लीतली एकही सून पहिल्या खेपेला सुरतेत बाळंत झालेली नाही. हे ह्यांनी त्याला सांगितलं नाही, मीही नाही. खोटं कशाला बोलू, मला ते सुचलंच नाही.

मी माहेरी असतानाच तिला एका दुपारी कळा लागल्या. नवरा ड्यूटीवर. शेजारच्या बायका साड्यांचे धागे कापत दारातच बसलेल्या, पण ओळख नाही म्हणून तिनं कुणाला हाक मारली नाही. संध्याकाळी नवऱ्यानं दवाखान्यात नेलं, तोवर बाळ पोटातच गेलं होतं. दवाखाना खरंच चांगला होता.

सव्वा महिन्याची लेक घेऊन मी परतले, तेव्हा ती भेटायला आली. बाळाला मांडीवर घेतलं, टाळूवरून हात फिरवला. मग शांतपणे म्हणाली, "दीदी, यहाँ इतना अच्छा, तो आप गाँव क्यों गया?"

हे दारात उभे होते. चप्पल घालून बाहेर निघून गेले. मला लाज वाटली. लेक भुकेनं कुरकुरायला लागली, तरी तिच्या मांडीवरून उचलून घ्यायचा मला धीर झाला नाही.