गोठ्यात टोचलेली इंजेक्शनं

"तुमच्या मुलाचं हृदय मोठं झालंय," डॉक्टर म्हणाले, तेव्हा क्षणभर मला ते चांगलंच वाटलं. अशी आमची अक्कल.

या आजाराला कार्डिओमायोपॅथी म्हणतात. हृदयाचा स्नायू ताणला जाऊन पातळ होतो आणि रक्त पुढे ढकलायची त्याची ताकद जाते. आमचा प्रशांत तेव्हा एकवीस वर्षांचा होता.

गंगापूर रोडच्या पुढे आमची द्राक्षबाग आहे. मोबाइलला कॅमेरे नुकतेच आले होते. पोरगं कॉलेज सुटलं की जिमला, तिथून सायबर कॅफेत. नेटवर उघड्या अंगाचे फोटो टाकायचे आणि खाली कोण काय लिहितं ते बघत बसायचं. एकदा कुणीतरी लिहिलं, 'काडी पैलवान'. दोन दिवस धड जेवला नाही. मी हसलो होतो.

मग त्यानं जिममधल्या कुणाकडून तरी आणलेल्या बाटल्या माझ्यापुढे ठेवल्या. स्टेरॉइड, म्हणजे स्नायू वाढवणारं हार्मोन.

"आप्पा, तुम्ही घडांना डिपिंग करता ना? तसंच हे. मणी फुगतो, वेल मरते का?"

द्राक्षाचे घड आम्ही औषधाच्या पाण्यात बुडवतो, त्यानं मण्यांना फुगवण येते. मला पटलं. गाईंना इंजेक्शनं देऊन माझा हात बसलेला होता. आठवड्यातून दोनदा, गोठ्यात, त्याच्या आईच्या नकळत मीच टोचायचो. त्याचे दंड भरले तसा मीही खूश झालो.

वर्षाच्या आतच त्याला जिना चढताना धाप लागायला लागली. मी म्हटलं, व्यायाम जास्त झाला असेल. मग पायांवर सूज आली, बोटानं दाबलं की खड्डा पडायचा. तेव्हा कुठे दवाखाना गाठला. ईसीजी झाला, रक्त झालं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तिच्यासाठी तीन तास बाकावर बसलो.

रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं, "इंजेक्शनं कोण द्यायचं?"

मी खाली बघितलं.

"मीच घ्यायचो," प्रशांत म्हणाला.

त्या पोरानं बापाला पाठीशी घातलं, आणि मी घालू दिलं. त्याची लाज अजून जात नाही.

नऊ दिवस आयसीयूत काढले. तिथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी पोरगं परत दिलं, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. पण हृदय पहिल्यासारखं झालं नाही. जन्मभराच्या गोळ्या, पाणीसुद्धा मोजून. द्राक्षाचा क्रेट उचलायचा नाही. फोटोसाठी कुणी मोबाइल धरला की तो उठून जातो.

तुमचं पोरगं आपल्या अंगाला नावं ठेवायला लागलं तर हसू नका. जवळ बसून विचारा. आणि बाटली आणली तर आधी डॉक्टरला दाखवा.

हे लिहून काल त्याच्या आईला वाचून दाखवलं. वाटलं, शिव्या घालेल. तिनं नाही घातल्या.

"अंग भरलं व्हतं त्याचं, तवा बाया कौतुक करायच्या," ती म्हणाली. "मला लय बरं वाटायचं. कशानं भरलं, ते मी पण नाय इचारलं."