सरांची मराठी

सर हसत होते. हसत हसत मराठीत म्हणाले, “तुम्हा लोकांना सगळीकडे उणंच दिसतं. रडायची सवयच लागलीय.”

मीटिंगला बसलेल्या कन्नड, तमिळ, बंगाली पोरांना मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना वाटलं, सर त्यांच्या भाषेतल्या पोरीची, म्हणजे माझी, थट्टा करतायत. तेही हसले. शी!

बेंगळुरूच्या त्या लॅबमध्ये मराठी आम्ही दोघंच. सर, माझे पीएचडीचे गाइड, पुण्याचे, मी निपाणीची. पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडून मराठी ऐकून माझा जीव भांड्यात पडला होता. मग त्यांनी आडनाव विचारलं. मग गल्ली. तेव्हापासून काम इंग्रजीत आणि अपमान मराठीत. “कोट्यातून आलीस, कोट्याएवढंच बोल,” हेसुद्धा चहा घेणार का विचारावं तसं म्हणायचे.

माझं काम कार्बनच्या नळ्यांवर. खुराड्याची जाळी गुंडाळावी तशी अणूंची नळी, डोळ्यांना न दिसणारी. पोलादाहून बळकट म्हणतात. असते, पण सगळे अणू जागेवर असले तर. मी कॉम्प्युटरवर एक अणू काढला आणि नळी ताणली. आधीपेक्षा कमी ताणात तुटली, आणि फाटायला लागली तीही तिथूनच. शेजारचा काढला तर आणखी लवकर. खऱ्या नळ्यांत अशा रिकाम्या जागा असतातच.

त्या मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी महादेवपुऱ्याच्या एका कंपनीची माणसं येणार होती. त्यांना या नळ्यांचे दोर करायचे होते, उंचावर काम करणाऱ्यांना बांधायचे. त्यांना दाखवायच्या स्लाइड्समधून सरांनी माझा रिकाम्या जागांचा ग्राफ काढून टाकला. निर्दोष नळीचा तेवढा ठेवला. का काढला, एवढंच मी मीटिंगमध्ये विचारलं होतं.

त्या हसण्याची मला किळस आली. मी उठले आणि त्यांचं वाक्य सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं, शब्दाला शब्द. कोट्याचंही सांगितलं. ‘तुम्हा लोकांना’ म्हणजे कुणाला, तेही. सगळ्यांचं हसणं थांबलं.

सर इंग्रजीत पुटपुटले, गंमत केली म्हणून.

“मग ती पण इंग्रजीतच करायची होती,” मी मराठीत म्हणाले.

शेजारी बसलेली कन्नड मुलगी हळूच विचारत होती, “अक्का, इतके दिवस हेच बोलत होते?”

ग्राफ मी परत लावला. दुसऱ्या दिवशी कंपनीवाल्यांना मीच दाखवला. तेव्हापासून सर माझ्या एकाही कागदावर सही करत नाहीत. पीएचडी अडलीय. अडू दे. त्या दोराला माणूस लटकणार आहे, ग्राफ मी काढू देणार नाही. आणि सरांनी मराठीत तोंड उघडलं की मी भाषांतर करणार. दर वेळी. सगळ्यांसमोर, मोठ्यानं.