शेपूट काठावर आहे तोवर

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. बाबा मोर्चाची पत्रकं वाटायचे, उरलेली घरी यायची. 'उठा', 'जागे व्हा', 'लढा' हे मी वाचलेले पहिले शब्द. पण बारावीच्या वर्षी मला तारलं एका गाईनं, आणि तीही डेन्मार्कच्या.

लातूरकडच्या भूकंपानंतर आमचं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं. मी आईच्या कडेवर. तिथल्या दवाखान्यात डेन्मार्कहून आलेली एक नर्स होती, आई तिच्या हाताखाली कामाला. 'आज पुन्हा होणार' अशी आवई उठली की माणसं पोरं उचलून पळत सुटायची. मग नर्स दुभाष्याकडून सांगायची, "आमच्याकडची जुनी म्हण आहे. गाईचं ढुंगण काठावर आहे तोवर ती बर्फावर गेली असं समजू नये."

आईनं विचारलं, "पर बाई, गाय बर्फावर जातीच कशाला?"

नर्स पोट धरून हसली. गोळ्यांच्या कागदावर तिनं गोठलेलं तळं काढून दाखवलं: गाय पाणी प्यायला जाते, बर्फ फुटला तर बुडते, पण मागचा भाग काठावर असेल तोवर तिला मागं ओढता येतं. आईनं म्हण उचलली, फक्त चारचौघांत बोलता यावी म्हणून ढुंगणाचं शेपूट केलं.

लातूरला माझ्या क्लासमध्ये दर रविवारच्या परीक्षेनंतर बाकं बदलत. जास्त गुणांची पोरं पुढं, कमी गुणांची मागच्या भिंतीला. माझी खोलीतली मैत्रीण भिंतीला गेली आणि जेवेनाशी झाली. मी या उतरंडीविरुद्ध पत्रक लिहिलं, झेरॉक्स काढून वाटलं. सर म्हणाले, "माफी लिहून दे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर होती. मला वाटलं, बारावी संपली. आईला फोन करून मी गादी गुंडाळली.

दुपारच्या एसटीनं आई आली. "काय करायलीस माय?"

"गावाकडं येते. माफी मागणार न्हाई."

"नको मागू. बारावीचा फारम कुनी भरला?"

"कॉलेजनं."

"हाल तिकीट कोन देनार?"

"कॉलेजच."

"मंग शेपूट काठावरच हाय की! क्लासवाला काय बोर्डाचा जावई हाय का?"

मी रडता रडता हसले. क्लास म्हणजे कॉलेज नव्हे, हे आमच्या गल्लीत सगळेच विसरले होते. कॉलेजचं तोंड आम्ही फॉर्म भरायलाच पाहिलेलं. आईनं गादी पुन्हा पसरली आणि तिच्यावर बसून डबा उघडला.

पुढचे दोन महिने मैत्रीण रोज क्लासच्या वह्या आणून माझ्यापुढं टाकायची. "घे पुढारीण," म्हणायची, आणि जेवायची सुद्धा. मी माफी लिहिली नाही. पेपर मात्र सगळे लिहिले, आणि पास झाले.

पत्रकांचं ऋण मी मानते, माझा कणा त्यांनी दिला. पण आजही काही पेटवण्याआधी मी मागं वळून काठ बघते. ती नर्स कुठं आहे, आम्हाला ठाऊक नाही. तिची गाय आमच्याकडं सुखरूप आहे.